पाठ

ऑरेलिया बिदार्तची चित्रं मला पाठ आहेत.
म्हणजे खरोखरच पाठ.
तोंडं जगानं पाहिली.
मी चौकटवाला, कोलोनियाच्या धक्क्यामागच्या गल्लीतला;
माझ्या टेबलावर ती कायम पालथीच पडायची.

पालथ्या कॅनव्हासला वास असतो
जवसाच्या तेलाचा, दमट तागाचा,
तिच्या कॅनव्हासला बोटीच्या डिझेलचाही.
सकाळी नऊची बोट. घोंगडीत गुंडाळलेलं चित्र,
दोरीला अशी गाठ की खलाशानं शिकून घ्यावी.
पलीकडे ब्युनॉस आयर्स, अलीकडे मी,
आणि मधे ती नदी, जिला सगळे रुप्याची म्हणतात
आणि जी जन्मभर ब्रश धुतलेल्या पाण्यासारखी वाहत आली.

"रुपं कुठंय यात?" मी एकदा विचारलं.
"संध्याकाळी साडेसहाला. चार मिनिटं," ती म्हणाली.
"तेवढ्यासाठी दोन देशांत भाडं भरते."

पाठीवर शिक्के.
त्यांचा निळा चौकोनी, आमचा जांभळा गोल.
तात्पुरती निर्यात. नव्वद दिवसांत परत.
मासळीबाजाराच्या एका चित्रावर मी अकरा मोजले;
मासे इतके हिंडले नसतील.
कस्टमचा अर्सेनियो विचारायचा,
"बाई, हा किनारा कुठला? आपला की त्यांचा?"
कर त्यावर ठरायचा.
"तुम्ही उभे आहात त्याच्या समोरचा," ती म्हणायची,
आणि तो बिचारा मान वळवून
खिडकीबाहेर बघायचा.

तिकडची वर्तमानपत्रं तिला लिहीत: नदीपलीकडची चित्रकर्ती.
इकडचीही तेच लिहीत,
एक अक्षर न बदलता.

त्र्याहत्तरला इथं रणगाडे आले. ती तिकडे गेली.
शहात्तरला ते तिकडेही आले.
आगीतून फुफाट्यात म्हणतात,
पण इथं तर दोन्ही काठांना फुफाटाच.
त्या वर्षांतली चित्रं: लिंबं. ताटलीत लिंबं.
लिंबं आणि सुरी. पुन्हा लिंबं.
पाठी कोऱ्या. तारीख नाही, सही नाही, शिक्का नाही.
कशी आणली, मी विचारलं नाही.

त्यातलं एक उचललं आणि मनगट लचकलं.
एवढ्याशा लिंबांना एवढं वजन नसतं.
मागून दिव्याला लावलं.
पिवळ्याखाली थर, थराखाली थर,
मग जबड्याची कड, कानाची एक पाळी.
तिला भाऊ होता, तादेओ. छापखान्यात खिळे जुळवायचा.

मी दिवा मालवला.
चौकट दोन बोटं जाड केली, बिल तेच ठेवलं.
पुढच्या खेपेला तिनं
कागदात बांधून चीज आणलं, अर्धा किलो.
त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं.

मग बरीच वर्षं. गुडघे. मानपत्रं दोन,
प्रत्येक सरकारचं एक, दोन्ही उशिरा.
मोतीबिंदू काढला तेव्हा फार चिडली:
"डॉक्टरनं माझी नदी निळी करून ठेवली."
सहा महिने काही रंगवलं नाही,
नुसती माझ्या दुकानात बसून माते पीत
लाकडाचा भुसा बघायची.
"हा रंग बरोबर आहे," एकदा म्हणाली,
आणि मूठभर भुसा पिशवीत घालून घेऊन गेली.

गेल्या जूनमध्ये गेली.
बोटीवर, असं सांगायला लोकांना आवडतं.
नाही. तिकडच्या दवाखान्यात, मंगळवारी,
जेवणाचं ताट तसंच.

आता दोन्ही काठांचे संग्रहालयवाले येतात,
पांढरे हातमोजे घालून, गोड बोलून.
ती नक्की कुणाची, ते त्यांना माझ्या वहीतून हवं असतं.
मी वही देतो. वहीत मापं आहेत:
लांबी, रुंदी, लाकूड कुठलं.

लिंबांचं ते चित्र वहीत नाही.
दोन चौकटींचे पैसे राहिले होते,
त्याबदल्यात तिनं ठेवलं, म्हणाली, मोड नको.
झोपायच्या खोलीत टांगलंय,
तोंड भिंतीकडे.
बायको रोज म्हणते, अहो, ते सरळ लावा.
मी म्हणतो, सरळच आहे.